कडप्प्यावरच्या खडूच्या रेघा

माझी शिलाई मशीन दक्षिणेच्या खिडकीला लागून आहे. लातूरला या घरात आलो तेव्हापासून ती तिथंच आहे, कारण सुईत दोरा ओवायला पुरेल एवढा उजेड घरात तिथंच येतो. ब्लाउज, फॉल-पिको, जून लागला की शाळांचे गणवेश, असं दिवसाचे सात-आठ तास मी त्या खिडकीशी बसलेली असते. खिडकीचा कट्टा नऊ इंच रुंद, काळ्या कडप्प्याचा. पूर्वी त्यावर रिळांचा डबा असायचा. आता चौदा लहान कुंड्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणीनं चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या कुंडीत एक झाड दिलं. गुलाब उमलावा तशी गोल रचलेली जाड पानं, रंग राखाडी-निळा आणि वर पिठासारखी पांढरी झाक. नाव इचेव्हेरिया, मूळ मेक्सिकोकडचं, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की इतकी देखणी वस्तू आपल्या घरात पहिल्यांदाच आली. सासूबाईंनी एक पान हळूच दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, ही तर घोळीची बहीण दिसायलीय."

नात्यानं ती घोळीची कुणी लागत नाही, पण त्यांचा हात बरोबर पडला होता. औशाकडच्या आमच्या शेतात घोळ उदंड उगवते. खुरपून बांधावर टाकली तरी चार-चार दिवस हिरवीच राहते, मध्ये एक सर आली तर पडल्या जागी मूळ धरते. जाड पान म्हणजे पाण्याचा साठा, हे सासूबाईंना शाळा न शिकता ठाऊक होतं. मी मात्र त्यावर पुढे काही विचार केला नाही, आणि झाड घालवलं.

कसं घालवलं ते नीट सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी हौद, बॅरल, घागरी भरायच्या, धुणं काढायचं, फरशी पुसायची. त्याच ओघात तुळशीला आणि दारातल्या जास्वंदीला तांब्या-तांब्या पाणी. या झाडालाही त्या दिवशी अर्धा तांब्या. माती ओली आहे की कोरडी हे बघायचं असतं हे मनातही आलं नाही. दिवस पाण्याचा, म्हणून पाणी. त्यात २०१६ चा उन्हाळा आम्ही इथंच काढलेला. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. लेक तेव्हा लहान होती, घागर घेऊन माझ्याबरोबर रांगेत उभी राहायची. ज्यांनी तो उन्हाळा काढलाय त्यांच्या मनात माया करणं आणि पाणी देणं ही एकच गोष्ट होऊन बसते. मी झाडाला प्यायला देत होते आणि ते आतून कुजत होतं.

दीड महिन्यानं खालची दोन पानं बदलली. भिजवलेला साबुदाणा दिसतो तशी अर्धपारदर्शक झाली, आणि बोट लागताच देठापासून निसटली. मला वाटलं तहानलं असेल. आणखी पाणी घातलं. आठवड्यात देठ काळा पडला आणि अख्खं झाड एका बाजूला कललं. कुंडी उलटी केली तर आत माती नव्हतीच, नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. मुळं तपकिरी झालेली, ओढली की सालपट हातात यायचं. शिळ्या डाळीसारखा वास. कुंडीच्या बुडाला भोकही नव्हतं.

लेक रडली नाही, पण त्या रात्री जेवली नाही. मलाही दोन-तीन दिवस खिडकीकडे बघवेना.

पुढचं सगळं ज्याच्यामुळे घडलं ते एक पान होतं. झाड धडधाकट असताना कधीतरी मशीनवरून कापड ओढताना एक पान तुटून कट्ट्याच्या कोपऱ्यात चिंध्यांमागे पडलं होतं. झाड गेल्यावर पंधरा दिवसांनी मी चिंध्या आवरायला घेतल्या तर ते सापडलं. ना माती, ना पाणी. पान जरा सुरकुतलेलं, पण जिवंत. जिथून तुटलं होतं त्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखी चार-पाच मुळं हवेतच फुटली होती. मी चष्मा लावून उजेडात धरलं. मुळांच्या मधोमध तिळाएवढा हिरवा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यालाही पानं होती. मोजून तीन.

बटणांच्या डबीच्या झाकणात बारीक खडे पसरून ते पान वर ठेवलं. मुळं खड्यांकडे वळली तसं चार दिवसांनी एकदा चमच्यानं दोन थेंब पाणी. रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी बघायचं हा नेम झाला. ठिपका तिळाचा मुगाएवढा झाला, मुगाचा हरभऱ्याएवढा. जसजसं पिल्लू वाढत होतं तसतसं आईपान आटत होतं, आधी कडा, मग मधला गर, शेवटी कागदासारखी तपकिरी साल उरली. याला साडेतीन महिने लागले. साल आपोआप सुटेपर्यंत मी तिला हात लावला नाही. त्या पानात जेवढं पाणी होतं तेवढं सगळं पिल्लानं घेतलं, माझ्याकडून फार थोडं.

तेव्हापासून मुद्दाम पानं काढून लावायला शिकले. पान देठापासून अख्खं निघालं पाहिजे, म्हणून बुडाशी धरून डावी-उजवीकडे हळू हलवत काढायचं. अर्धवट तुटलं तर त्यातून काही येत नाही. काढल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची. पहिल्या खेपेला अकरा पानं ठेवली. सहांची झाडं झाली. दोनांना नुसती मुळं फुटली, पिल्लू आलंच नाही. उरलेली तीन सुकून गेली.

मातीनं मला सगळ्यात जास्त चकवलं. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, कापसाच्या काळ्या रानाचं. दुसरं झाड, जेड नावाच्या जाड पानांच्या झाडाची फांदी, लावायची म्हणून मी दादाला सांगून शेतातली माती मागवली होती. आपल्या मातीइतकं चांगलं काय असणार, या भावनेनं. ती माती ओली झाली की आठ-आठ दिवस ओलीच राहते. सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मधे विटेसारखा गोळा उरतो. मग वरून पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच. जी माती कापसाला महिनाभर ओल पुरवते तीच या झाडांच्या मुळांचा श्वास कोंडते. सासूबाईंनीच विचारलं, "घायपात कुठं उगवतंय बघितलीस का? माळावर. मळ्यात उगवतंय का?"

शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून पाटीभर मुरूम मागून आणला. गव्हाच्या चाळणीनं चाळला, खाली पडलेली माती टाकून दिली, वर राहिलेले खडे धुऊन गच्चीवर वाळवले. दोन वाट्या हा मुरूम आणि एक वाटी जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, त्यातच थोडी साधी माती. सुकं शेणखत हातात चुरलं आणि वास आला नाही तरच घ्यायचं. कुंडीला भोक हवंच. प्लास्टिकच्या कपांना मी तापवलेल्या दाभणानं पाच-सहा भोकं पाडते. या मिश्रणात पाणी घातलं की दहा सेकंदांत बुडातून बाहेर येतं. बाहेर लोक यासाठी पर्लाइट, प्युमिससारखे हलके सच्छिद्र खडे विकत आणतात. आमचं अख्खं पठारच बसाल्टचं आहे, त्याचा झिजलेला चुरा म्हणजे मुरूम, तो दाराशी पडलेला असतो.

पाणी कधी द्यायचं हे आता वारावरून ठरत नाही. खालचं एक पान दोन बोटांत धरून दाबते. ताज्या वाटाण्यासारखं टच्च लागलं तर हात मागे. कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली तर संध्याकाळी पाणी, भोकातून निथळेपर्यंत. यात एक फसगत आहे. पान मऊ आणि माती ओली असेल तर ते झाड तहानलेलं नसतं. त्याची मुळं गेलेली असतात, समोर पाणी असून त्याला पिता येत नाही. तेव्हा पाणी घातलं की संपलंच. झाड उपटून, कुजकं कापून, पुन्हा पान किंवा शेंडा सुकवून लावणं एवढंच हातात राहतं. माझं पहिलं झाड त्या अवस्थेत मला दिसत होतं आणि मला ते वाचता आलं नव्हतं.

आता उन्हाबद्दल. या खिडकीशी मी नऊ वर्षं बसत होते, पण ऊन सरकतं कसं हे कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात झाडं सुंदर झाली, थंडी आणि ऊन मिळून पानांच्या कडा डाळिंबी झाल्या. मार्च उलटला तशी ती हिरवट पडत गेली, पानांमधलं अंतर वाढलं आणि शेंडे काचेकडे झुकले. मला वाटलं उन्हाळ्यात ऊन वाढतंय, मग झाडं उजेड मागतायत का? म्हणून मापाचा खडू घेतला, ज्यानं कापडावर खुणा करते तोच, आणि दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी साडेबाराला कट्ट्यावर उन्हाची आतली कड जिथं पडते तिथं रेघ ओढायला सुरुवात केली.

एक डिसेंबरला ऊन कट्टा ओलांडून माझ्या मशीनच्या टेबलावर येत होतं. एक मार्चला ते कट्ट्यापुरतं उरलं. एक एप्रिलला कडप्प्याच्या बाहेरच्या काठावर बोटाच्या नखाएवढी पट्टी, आणि पाडवा झाल्यावर काहीच नाही. बाहेर एकेचाळीस-बेचाळीस अंश आणि माझ्या दक्षिणेच्या खिडकीत उन्हाचा कवडसा नाही. लेकीनं वहीत आकृती काढून समजावलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढतो, त्यामुळे खिडकीवरचा फूटभर छज्जाही त्याला अडवायला पुरतो. मेच्या मध्याला एका दुपारी लातुरात उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेला असतो. पुस्तकात वाचलं असतं तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं. खडूच्या रेघा मी माझ्या हातानं ओढल्या होत्या.

पण ते कळायच्या आधी एक चूक झाली होती. दक्षिणेत ऊन नाही म्हणून मी मे महिन्यात सगळ्या कुंड्या एका सकाळी पश्चिमेच्या खिडकीत नेल्या. तिथं दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन असतं. एका दुपारीत सहा झाडांची वरची पानं भाजली. रेशमावर इस्त्री जास्त वेळ राहिली की जसा डाग पडतो तसे फिके, मग तपकिरी डाग. तो डाग भरून येत नाही, ते पान गळून नवीन येईपर्यंत बघत बसावं लागतं. महिनाभर सावलीत राहिलेल्या पानाला एकदम ऊन सोसत नाही, रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. आता पाडव्याला कुंड्या स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीत जातात, दहा-साडेदहापर्यंतचं कोवळं ऊन खातात आणि गणपतीच्या सुमारास दक्षिणेकडे परत येतात.

आणखी एक, थोडक्यात. पानांवरची पांढरी पावडर ही धूळ नसते, झाडानं स्वतःसाठी केलेला मेणाचा थर असतो. मी ओल्या फडक्यानं एक झाड छान पुसून काढलं होतं. त्या पानांवर माझ्या बोटांचे ठसे शेवटपर्यंत राहिले. आता धूळ बसली तर रंगाच्या मऊ ब्रशनं नुसती झटकते. बोअरचं पाणीही पानांवर पडू देत नाही, आमच्याकडचं पाणी जड, सुकलं की पांढरे खवले उरतात. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी दोन कॅनमध्ये धरून ठेवते, एवढ्याशा झाडांना ते बरेच महिने पुरतं.

आणि कीड. पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखं काही दिसलं तेव्हा मला वाटलं ब्लाउजच्या अस्तराचा धागा उडून बसलाय. दादा आला होता, त्यानं वाकून बघितलं आणि लगेच म्हणाला, "पिठ्या ढेकूण हाय हे, ताई. मुंग्या दिसायल्यात का आसपास?" दिसत होत्या. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. कापसावर त्यानं हे पाहिलेलं होतं. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक टिपून काढला, ती कुंडी महिनाभर वेगळी ठेवली, दर चार दिवसांनी बेचकी तपासली. दोन खेपांना पुन्हा निघाला, तिसऱ्या खेपेला नाही.

माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेली गोष्ट पानफुटीची आहे. पानफुटी आमच्या पिढीतल्या सगळ्यांनीच कधीतरी वहीत ठेवलेली असते, पानाच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून पिल्लं निघतात म्हणून. माहेराहून एक पान आणून मी तीही कट्ट्यावर लावली. लेक तेव्हा अकरावीला होती. आमच्या लातुरात नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पहाटे पाचला दिवा लागतो. एका पहाटे ती पुस्तक घेऊन खिडकीशी आली आणि म्हणाली, "मम्मी, हे झाड आत्ता आंबट असायला पाहिजे."

मग तिनं समजावलं. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हवा आत घेतात आणि त्याच दारानं पाणी गमावतात. ही जाड पानांची झाडं दिवसा छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल करून पानात साठवतात, तेच आम्ल जे कच्च्या सफरचंदात असतं. दिवसा दारं लावून घेतात आणि आतल्या साठ्यावर उन्हाचं काम उरकतात. मी म्हटलं, म्हणजे आपण मे महिन्यात करतो तेच. दहा वाजले की खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि रात्री नऊनंतर सगळं सताड उघडायचं.

लेकीनं आणखी शोधून वाचून दाखवलं. मद्रासकडे काम केलेले बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८१३ साली एका पत्रात लिहिलंय की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळकडे जरा कडवट. दोन वर्षांनी ते पत्र लंडनमध्ये छापून आलं. त्यांनी ते कळण्यासाठी दुसरं काही वापरलं नव्हतं, नुसती जीभ. आम्हीही तेच केलं. पानफुटी जास्त पोटात गेली तर गुरांना बाधते, म्हणून गिळलं नाही. पहाटे साडेपाचला पानाचा नखाएवढा तुकडा जिभेला टेकवला आणि थुंकून चूळ भरली. चिंचेच्या पाल्यासारखं आंबट. संध्याकाळी पाचला त्याच झाडाचं, त्याच पानाच्या जोडीचं दुसरं पान. आंबट अजिबात नाही, गवतासारखी चव, मागून किंचित कडू. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. सासूबाईंनाही द्यायला गेले तर म्हणाल्या, "मला म्हाइत हाय, लहानपणी लई खाल्लंय." त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून पाणी संध्याकाळीच देते. मे महिन्यात तर सूर्य मावळून कडप्पा हाताला गार लागल्यावरच, नाहीतर कुंडीतलं पाणी मुळांशी कोमट होतं.

गेल्या पावसाळ्यात महिनाभर ढग राहिले आणि दोन इचेव्हेरिया लांबट झाल्या, खालचा देठ उघडा आणि वर छत्रीसारखी पानं. कात्रीनं कापायला जागा मिळेना, आजूबाजूची पानं दुखावली असती. मग नायलॉनचा दोरा घेतला, पानांच्या दोन ओळींमधून देठाला एक वेढा दिला आणि दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना ओढली. कच्ची काकडी कापावी तसा देठ कापला गेला, शेंड्याचं एकही पान न हलता. शेंडा पाच दिवस सुकवून मुरमावर ठेवला, तीन आठवड्यांत मूळ धरलं. कुंडीत उरलेल्या बोडक्या देठाला मी टाकून देणार होते. लेक म्हणाली, राहू दे. महिन्यानं त्याच्या बाजूनं तीन डोळे फुटले. ती तिन्ही आता पावली एवढी आहेत, आणि सगळी त्या चिंध्यांमागच्या एका पानाची.

परवा गणपती बसले. काल कुंड्या पूर्वेकडून परत आणल्या. लेक बारावीच्या सराव परीक्षेतून आली आणि दप्तर न काढता आधी कट्ट्याकडे गेली. दुपारी साडेबाराला ऊन कडप्प्याच्या बाहेरच्या काठावर आलं होतं, बोटाच्या रुंदीएवढं. मागच्या वर्षीची रेघ पुसट झाली होती, तिच्यावरूनच मी पुन्हा खडू ओढला. डावीकडच्या दोन कुंड्या यंदाही लांबट झाल्यात. ऑक्टोबरचा उकाडा सरला की त्या कापायच्या आहेत, दोरा काढून ठेवलाय.